बोडी, कंडेन्सर आणि झाडीपट्टीतला आवाज

धान कापून झालं, दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतला जंगलांचा, तलावांचा आणि धानाचा पट्टा. होळीच्या आसपासपर्यंत हा हंगाम चालतो. गोंदिया–चांदाफोर्ट रेल्वेमार्गावरचं वडसा, म्हणजे सरकारी कागदांवरचं देसाईगंज, हे या व्यवसायाचं ठाणं. मंडळ्यांची कार्यालयं तिथं आहेत, तारखा तिथं ठरतात. गावात मंडई असली, शंकरपट असला, की त्या रात्री नाटक असतंच. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाट होईपर्यंत लोक घोंगडी, चादरी पांघरून बसलेले असतात. 2023 साली गडचिरोली जिल्ह्यातले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतही झाडीपट्टीचं नाव झळकलं.

या रंगभूमीबद्दल लिहिलं जातं तेव्हा नट, लेखक, गाणी, तिकीटविक्री आणि झाडीबोली यांच्याबद्दल लिहिलं जातं. रंगमंचाच्या कडेला ठेवलेल्या लोखंडी खोक्याबद्दल कुणी लिहीत नाही. ते खोकं म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. मोकळ्या शेतात बसलेल्या हजारोंच्या गर्दीत शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला नायिकेचा हुंदका ऐकू जातो तो त्याच्यामुळे. या खोक्याच्या पोटात एक डबीसारखी वस्तू असते. पुस्तकातलं तिचं नाव ‘धारित्र’. रेडिओ दुरुस्त करणारा प्रत्येक जण तिला ‘कंडेन्सर’ म्हणतो. घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्यांचा जुना हातखंडा असा, की आवाज दबतोय, घरघर येतेय, ढोलकीची थाप फुटतेय, तर सप्लायला आणखी एक कंडेन्सर जोडा. या उपायाचा इतिहास काय, तो कुठवर लागू पडतो आणि कुठे थांबतो, हे पाहण्यासारखं आहे. झाडीपट्टीत ते समजायला सोपंही आहे, कारण कंडेन्सरचं काम इथल्या लोकांना विजेच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

पाऊस सरसकट पडत नाही

झाडीपट्टीत पाऊस भरपूर पडतो, पण तो चार महिन्यांत पडतो. त्या चार महिन्यांतही सरी येतात आणि मध्येच ओढ देतात. धानाला मात्र बांधीत पाणी लागतं, आणि ते सलग लागतं. या दोन गोष्टींचा मेळ घालण्यासाठी इथं तलाव झाले. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क देऊन या कामाला उत्तेजन दिलं. ते काम पिढ्यानपिढ्या अंगावर घेतलं ते प्रामुख्याने कोहळी समाजाने. उतार कुठे आहे, पाळ किती लांब हवी, जादा पाणी कुठून काढून द्यायचं, हे ज्ञान त्यांच्याकडे होतं. मोठे ते तलाव, आणि शेतातल्या शेतात चार बांध्या भिजवणारी लहान ती बोडी. पुढे ब्रिटिश अमदानीत घोडाझरी आणि असोला मेंढा यांसारखे मोठे जलाशय झाले, पण गावोगावच्या मालगुजारी तलावांचं जाळं त्याआधीचं.

बोडी पाणी तयार करत नाही. आभाळातून येतं तेव्हा ते अडवते, आणि येत नाही तेव्हा सोडते. दोन सरींमधली उघडीप ती भरून काढते. कंडेन्सरबद्दल जे सांगायचं आहे, त्याचा गाभा एवढाच आहे.

बाटलीपासून डबीपर्यंत

वीज साठवणारी पहिली वस्तू काचेची बाटली होती. 1745-46च्या सुमारास जर्मनीत क्लाइस्ट आणि हॉलंडमधल्या लायडन शहरात मुशेनब्रूक यांना स्वतंत्रपणे आढळलं, की काचेच्या भांड्यात घर्षणाची वीज साठवता येते आणि तिचा झटका माणसाला हादरवू शकतो. या ‘लायडन जार’चा उपयोग पुढची शे-दीडशे वर्षं बहुतांशी प्रयोगशाळेत आणि राजेरजवाड्यांपुढे चमत्कार दाखवण्यात झाला.

आज आपण वापरतो तो इलेक्ट्रोलिटिक प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा विशिष्ट द्रावणात ठेवून त्यातून वीज सोडली की त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो, आणि हा थर एकाच दिशेने वीज अडवतो. पोलिश संशोधक कारोल पोलाक यांनी 1890च्या दशकात यावरून कंडेन्सरचं पेटंट घेतलं. थर जितका पातळ, तितकी साठवण जास्त. म्हणून लहानशा डबीत मोठा साठा मावू लागला. या प्रकाराची खोड अशी, की त्याला धन-ऋण असतं. उलटा जोडला की तो थर मोडतो, आतलं द्रावण तापतं आणि डबी फुटते. डबीच्या डोक्यावर काट्याच्या आकाराची खाच असते, ती अशा वेळी दाब सुटायला वाट मिळावी म्हणून.

या शोधाला खरं गिऱ्हाईक मिळालं ते रेडिओमुळे. सुरुवातीचे रेडिओ बॅटरीवर चालत आणि त्यांना दोन-तीन वेगवेगळ्या बॅटऱ्या लागत. बॅटरीची वीज शांत, एका दिशेने वाहणारी. घरातल्या तारेतली वीज मात्र सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते. ती रेडिओला तशीच दिली तर गाण्याऐवजी घरघर ऐकू येते. 1925 साली टोरांटोच्या एडवर्ड रॉजर्सने घरच्या विजेवर थेट चालणारा, बॅटरीविना रेडिओ बाजारात आणला, आणि त्यानंतर काही वर्षांतच बॅटऱ्या दिवाणखान्यातून हद्दपार झाल्या. हे होण्यासाठी दोन गोष्टी लागल्या: वीज एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, आणि तिच्यातून तुकड्यातुकड्याने येणाऱ्या विजेची सलग धार करणारा साठा.

भोंगा गावात आला

आपल्याकडे भोंगा आला तो सभांबरोबर. मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ या कंपनीची ध्वनियंत्रणा 1930च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांत होती, आणि गांधी-नेहरूंची भाषणं लाखोंच्या कानांवर गेली ती या भोंग्यांतून. 1940 साली दिल्लीत सुरू झालेल्या ‘अहुजा’चं नाव पुढे गावोगावच्या मंडपवाल्यांच्या तोंडी बसलं. या कंपन्यांच्या अनेक अ‍ॅम्प्लिफायरना मागच्या बाजूला दोन जोडण्या असत: एक घरच्या विजेची आणि एक 12 व्होल्टच्या बॅटरीची. ज्या देशात बहुतेक सभा, कीर्तनं आणि नाटकं वीज नसलेल्या गावांत होत, तिथं ही दुसरी जोडणी फार मोलाची होती. 1973 साली भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिथं वीज नव्हती. त्या भागातल्या कितीतरी गावांत पुढे बरीच वर्षं नव्हती. अशा गावात ट्रकची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली की भोंगा बोलायचा. बॅटरीवर घरघर नसायची, कारण बॅटरीची वीज मुळातच सलग.

वीज पोहोचली तसा प्रश्न बदलला. कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर महाग. पण आयटीआयमध्ये शिकलेला किंवा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हात काळे केलेला मुलगा तो स्वतः बनवू शकत होता. 1969 साली सुरू झालेल्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’सारख्या मासिकांतून आकृत्या मिळत. सुटे भाग नागपूरहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येत. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने 1960च्या दशकात आणलेला ‘टू एन 3055’ हा जाड लोखंडी टोपीचा ट्रान्झिस्टर अशा घरगुती अ‍ॅम्प्लिफायरचा कणा ठरला. त्यानंतर टीडीए 2030 आणि एलए 4440 या चिप आल्या, आणि चार-दोन भागांत काम होऊ लागलं. त्याला 12-0-12चा ट्रान्सफॉर्मर, दोन किंवा चार डायोड, जुन्या पंख्याचा किंवा टीव्हीचा पत्रा हीट सिंक म्हणून, आणि सप्लायला एक कंडेन्सर.

इथंच कंडेन्सरचा आकडा एकदम वाढला. व्हॉल्व्हच्या जमान्यात अ‍ॅम्प्लिफायर तीन-चारशे व्होल्टवर चालत आणि करंट थोडा घेत. त्यांना 16 किंवा 32 एमएफडीचा कंडेन्सर पुरे. ट्रान्झिस्टर कमी व्होल्टवर चालतो, पण करंट भरमसाट ओढतो. त्यामुळे आकडे हजारांत गेले: 1000, 2200, 4700, पुढे 10000. ‘आणखी एक कंडेन्सर लाव’ हा सल्ला ट्रान्झिस्टरच्या जमान्यात जन्मला तो याच कारणाने.

सेकंदाला शंभर उघडिपी

हा सल्ला किती खरा आहे, ते हिशोबाने पाहू. आपल्या तारेतली वीज सेकंदाला 50 हेलकावे खाते. डायोडमधून गेल्यावर प्रत्येक हेलकाव्याचे दोन उंचवटे होतात. म्हणजे सेकंदाला शंभर सरी आणि त्यांच्यामध्ये शंभर उघडिपी. 12-0-12च्या ट्रान्सफॉर्मरवर हा उंचवटा सुमारे 17 व्होल्टचा असतो. डायोडमध्ये थोडा जाऊन 16 उरतो. एका उंचवट्यावर कंडेन्सर भरतो आणि पुढचा येईपर्यंत, म्हणजे साधारण 8 मिलिसेकंद, अ‍ॅम्प्लिफायर त्याच्यातून पितो.

ढोलकीची जोरकस थाप पडली आणि 2 अँपिअर करंट लागला, असं धरा. 2200 एमएफडीचा कंडेन्सर असेल तर तेवढ्या वेळात व्होल्टेज साधारण 7 व्होल्टने खाली येतं. सोळाचे नऊ राहतात, आणि नेमक्या त्या क्षणी थाप चिरकते. 4700 लावला तर घसरण साडेतीन व्होल्टच्या आत येते. 10000 लावला तर दीड-पावणेदोन. फरक कानाला कळतो: घरघर खाली बसते, थाप भरीव होते. आणखी एक कंडेन्सर जोडणाऱ्याला जो अनुभव येतो, तो खरा आहे.

आता पुढे जा. 10000चे 22000 केले, तर घसरण पाऊण व्होल्टवर येते. 2200वरून 4700वर जाताना जवळजवळ चार व्होल्टचा फायदा झाला होता. इथं दुपटीहून अधिक साठा वाढवून एक व्होल्टसुद्धा हाती लागत नाही. उलट खर्च दुसरीकडे वाढतो. मोठा कंडेन्सर थोडाच उतरतो, म्हणून उंचवट्याच्या अगदी टोकावर, फार कमी वेळात, पण फार जोराने भरतो. तो झटका डायोड आणि ट्रान्सफॉर्मर सोसतात. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तर रिकामा कंडेन्सर म्हणजे जवळपास शॉर्टच. 1 अँपिअरचे डायोड अशा वेळी जातात. म्हणून जाणता मेकॅनिक कंडेन्सर वाढवताना डायोडही जाड घेतो आणि नवं खोकं पहिल्यांदा सुरू करताना 60 किंवा 100 वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावतो. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत काहीतरी चुकलंय.

या साठ्याची मोठी मर्यादा वेगळीच आहे. 16 व्होल्टला भरलेल्या 10000 एमएफडीच्या कंडेन्सरमध्ये सव्वा जूलच्या आसपास ऊर्जा असते. 2 अँपिअर ओढणारा अ‍ॅम्प्लिफायर ती सगळी 40 मिलिसेकंदांत संपवेल. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्याच कामाच्या 60 अँपिअर-अवरच्या बॅटरीत याच्या वीस लाख पट साठा असतो. कंडेन्सरला रात्रभराचा साठा समजणं म्हणजे बोडीला वैनगंगा समजणं.

लाइनच पडली तर

गावातल्या नाटकाच्या रात्री खरा घोळ बहुधा उघडिपीचा नसतो. पाऊसच कमी पडलेला असतो. फीडरच्या टोकाचं गाव, लांबच लांब बारीक तार, त्याच तारेवर रंगमंचाचे दिवे, दुकानांची रांग, आकाशपाळणा. घरात 230 व्होल्ट यायला हवेत, तिथं 170 येतात. मग आपला 17चा उंचवटा साडेबारावर येतो. आवाजाची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते, म्हणून ती जवळजवळ निम्मी होते. इथं 10000च्या जागी लाखाचा कंडेन्सर लावला तरी काही होणार नाही. तलाव कितीही खोल खणला तरी जेवढा पाऊस पडला तेवढंच पाणी त्यात साठणार. तिथं जाड तार हवी, जास्त व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर हवा, नाहीतर जनरेटर. मोठ्या प्रयोगांना जनरेटर ठेवतात, त्याचं कारण नुसती वीज जाण्याची भीती एवढंच नाही.

आणि ही उणीव कुठल्या जिल्ह्यात, तर महाराष्ट्राला वीज देणाऱ्या. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र 1980च्या दशकात सुरू झालं. आज त्याची क्षमता 2920 मेगावॉट आहे. 1999 साली चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला जाणारी वाहिनी सुरू झाली: सुमारे 750 किलोमीटर, उणे-अधिक 500 किलोव्होल्ट, 1500 मेगावॉट. ही वाहिनी आपल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या सप्लायसारखी एकदिश विजेची आहे. चंद्रपूरला हेलकावणारी वीज एका दिशेची केली जाते, आणि पडघ्याला ती पुन्हा हेलकावणारी होते. त्याच जिल्ह्यात भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण भारताच्या ग्रिडना जोडणारं असंच रूपांतर केंद्र आहे.

तिथल्या अभियंत्यांनाही उघडिपींचा प्रश्न होताच. त्यांनी प्रचंड कंडेन्सरवर भिस्त ठेवली नाही. तीन फेजची वीज दोन वेगवेगळ्या पद्धतींच्या ट्रान्सफॉर्मरमधून घेऊन त्यांनी एका हेलकाव्याचे दोनऐवजी बारा उंचवटे केले: सेकंदाला शंभरऐवजी सहाशे सरी. उघडीप इतकी छोटी झाली, की उरलेल्या खाचखळग्यांसाठी मोठं वेटोळं आणि मोजके फिल्टर पुरतात. साठा वाढवण्याआधी त्यांनी आवक सुधारली.

आवक आटली की मोठा साठाही कामाला येत नाही, हे याच केंद्राने पुढे पाहिलं. त्याला पाणी पुरवण्यासाठी इरई नदीवर धरण बांधलेलं आहे. 2010च्या उन्हाळ्यात ते इतकं खाली गेलं, की वीजनिर्मितीचे संच बंद ठेवावे लागले. ते सुरू व्हायला पावसाची वाट पाहावी लागली.

लेबल आणि आतलं पाणी

मालगुजारी तलावांची पुढची गोष्टही कंडेन्सरला लागू पडते. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले. पाळ दुरुस्त करायची, गाळ काढायचा, पाटाची वाटणी बघायची ही गावातली जबाबदारी सैल झाली. अनेक तलावांत गाळ भरला. नकाशावर त्यांचं क्षेत्र तेवढंच राहिलं, आत पाणी कमी मावू लागलं.

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं असंच होतं. आतलं द्रावण वर्षानुवर्षं सुकत जातं. आतला उष्मा दर 10 अंशांनी वाढला की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, आणि चंद्रपूरचा मे महिना 46-47 अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या खोलीत हंगाम संपल्यावर पडून राहिलेल्या खोक्याला ते सोसावं लागतं. लेबलवर 4700 छापलेलं राहतं, आत तेवढं मावत नाही. अशा खोक्याला जुन्याच्या जोडीला नवा कंडेन्सर लावला की आवाज सुधारतो, आणि बनवणाऱ्याला वाटतं, की साठा वाढला म्हणून सुधारला. प्रत्यक्षात गेलेला साठा परत आलेला असतो. मेलेल्या जुन्या टीव्हीतून काढलेले कंडेन्सर लावतानाही हेच ध्यानात ठेवावं लागतं.

म्हणून कंडेन्सर वाढवण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात, आणि तिन्ही फुकट आहेत. आवाजाचं बटण पूर्ण खाली करा. घरघर तरीही राहिली तर दोष सप्लायचा असण्याची शक्यता मोठी, गेली तर बहुधा माइकच्या तारेचा किंवा अर्थिंगचा, आणि तिथं कंडेन्सरचा काही उपयोग नाही. मीटर लावून लाइन किती आहे ते पाहा, आणि ते दुपारी नको, नाटकाच्या वेळी सगळे दिवे पेटलेले असताना पाहा. जुन्या कंडेन्सरची टोपी फुगली आहे का ते पाहा. या तिन्हींतून सुटला तरच 2200च्या जागी 4700 किंवा 10000 लावावा, व्होल्टेजचा आकडा सढळ धरावा, आणि तिथं थांबावं.

रात्री दोन वाजता, गावातले इतर दिवे मालवले की लाइन पुन्हा वर येते. लांबच्या तारेवरचा भार हलका होतो आणि 170चे 220 होतात. खोक्याला कुणी हात लावलेला नसतो, तरी दुसऱ्या अंकापेक्षा तिसऱ्या अंकातला आवाज खणखणीत असतो.